ढवळून घ्या

चकलांब्याच्या दूध संस्थेत नमुना घेणारा तो माणूस मला रोज दिसायचा, कारण माझं आरोग्य उपकेंद्र शेजारच्याच खोलीत होतं. बोलणं मोजकं, आवाज खणखणीत. कॅन आला की लांब दांड्याचा डाव घालून तो आधी दूध तळापासून ढवळायचा. कुणी घाईत वरचंच दूध पुढं केलं की खेकसायचा, "वर नुसती साय असती. खरं दूध खाली हाय. ढवळ आधी!"

दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, कॅन कमी झाले आणि त्याचं खेकसणंही थांबलं. मला ते लक्षण बरं वाटेना. म्हणून उदासीची प्रश्नावली घेऊन मी संस्थेच्या ओट्यावरच त्याला गाठलं. झोप लागते का? जीव कशात रमतो का? चारचौघांत तो हसला. "कायबी न्हाई, ताई. समद्याला शून्य टाका."

दुसऱ्या दिवशी कॅन धुऊन झाल्यावर तो माझ्या खोलीत आला. दार त्यानंच लोटून घेतलं.

"ताई, काल म्या वरचं दूध दिलतं. आज ढवळून घ्या."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचत गेले. प्रत्येक उत्तराआधी तो डोळे मिटायचा. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता. तिथं त्यानं कागद स्वतःकडं ओढला. मग 'जवळजवळ रोज' या चौकोनावर त्यानं बोट टेकवलं आणि त्याचा आवाज पहिल्यासारखा खणखणला.

"लिहा. आन् चपला घाला, डाक्टरकडं आत्ताच जाऊ. उद्यापत्तूर परत साय धरंल."