तांबी, गोळी की ऑपरेशन?

पेढे घेऊन आलेली माणसं डॉक्टरशी मोकळं बोलतात, असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं हो! माणूस खरा बोलायला लागतो तो ‘आता पुढचं नको’ म्हणून येतो तेव्हा. वसईत बाळंतपणाचा दवाखाना इतकी वर्षं चालवल्यावर असे किस्से साचत जातात. नावं अर्थातच सांगणार नाही.

* * *

एक नवं जोडपं आलं. नवरा इंजिनीअर, सगळं मोबाइलवर वाचून आलेला. कंडोम, गोळी, तांबी, काहीही सांगा, त्याचा एकच प्रश्न : “पण शंभर टक्के का नाही?”

मी म्हटलं, “अहो, शंभर टक्के भरवशाचं काहीच नसतं.”

बायको शांतपणे म्हणाली, “आहे ना, डॉक्टर. ह्याची नाइट शिफ्ट!”

* * *

दुसऱ्या एकीला गोळी पटली, पण विसरायची भीती. नवरा म्हणाला, “मी आठवण करीन.” त्याने स्वतःच्या फोनवर रोज सकाळचा अलार्म लावला. तो नेमका ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाजला. स्क्रीनवर भलंमोठं ‘गोळी’!

साहेबांनी विचारलं, “कसली रे?”

“बीपीची, सर.”

साहेब हळहळले. “या वयात? मलाही माझी बदलायचीच आहे. तू कुठली घेतोस?”

* * *

कामणच्या गोदामात काम करणारा एक जण बायकोला घेऊन आला. मी सुचवलं, “तुम्हीच नसबंदी करून घ्या. पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, लगेच घरी जाता येतं.”

तो दचकला. “मॅडम, मी दिवसभर वजन उचलतो. अशक्तपणा आला तर?”

तसं काही होत नाही, हे मी सांगायच्या आत बायको बोलली. मांडीवर एक पोर, गळ्यात एक, तिसरं पदराला लोंबकळत होतं. “आणि मी काय उचलते?”

त्याने तिच्या गळ्यातलं पोर आपल्याकडे घेतलं. मग मला म्हणाला, “कधी येऊ?”

* * *

पापडीचं एक जोडपं चर्चला मानणारं. त्यांना दिवस पाळायची नैसर्गिक पद्धतच हवी होती. मी नीट समजावली, चुकायला वाव जास्त आहे हेही सांगितलं. काही महिन्यांनी परत आले, तेव्हा तिला दिवस गेले होते.

नवरा वैतागून म्हणाला, “पद्धतच कच्ची आहे, डॉक्टर.”

“दोघांनी पाळायची होती,” ती म्हणाली. “मी एकटीच पाळत होते.”

* * *

गासहून एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेचं पहिलं बाळंतपण फार जड गेलेलं. बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हातारीचं चाललं होतं, “आता नातू पायजे!”

आत आली, दार लावलं आणि हळूच म्हणाली, “हिला तांबी बसवा. कोनाला बोलू नका.”

मी सुनेला विचारलं, “तुला हवी आहे का?” तिने सासूचा हात घट्ट धरला आणि होकार दिला.

“मग बाहेर ते काय चाललं होतं, आजी?”

“ते चालूच ठेवनार! मी बोलत राहिली तर दुसरं कोनी हिला विचारनार नाय.”

* * *

आणि एक केळीच्या वाडीवाला. दोन मुलांनंतर आपणहून नसबंदी करून घेतलेला. दोन वर्षांनी बायकोला दिवस राहिले. दोघं आत आली. त्याची आई बाहेर बसली होती. तिची नजर सुनेच्या पाठीवरून हलत नव्हती.

दार बंद झाल्यावर मी म्हटलं, “क्वचित नसबंदी फेल होते. यांची तपासणी करू, म्हणजे कळेल.”

“कराच,” बायको रडवेली झाली. “आईंसाठी तरी करा.”

तो माझ्याकडे वळला. “फेल होऊ शकते ना?”

“होऊ शकते.”

“मग झाली. तपासणी नको.”

“अहो, पण...”

“नको म्हटलं ना.” त्याने तिची पर्स उचलली, तिला हाताला धरून उठवलं आणि दार उघडलं. म्हातारी उभीच होती.

“काय म्हनल्या डाक्टर?”

“माझंच ऑपरेशन फेल गेलं, आई. आत्ताच तपासून सांगितलं त्यांनी.”

म्हातारीने उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं.

मी होकारार्थी मान डोलावली.