फ्राऊ केलरांच्या बोटावरचं कुंकू

दसऱ्याला शिवणयंत्रात तेल घालताना तो वास आला आणि मी थेट जर्मनीतल्या येना शहरातल्या त्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो. माझी पीएचडीची वर्षं होती. घरमालकीण फ्राऊ केलर सत्तरीच्या, शिकारीचा परवाना असलेल्या. फेझंट पक्ष्यांचा हंगाम तोंडावर आला होता, म्हणून टेबलावर जुनी चादर अंथरून त्यांनी आपली सेमी-ऑटोमॅटिक बंदूक खोलली होती.

नळीतून फडकं ओढून झालं की ती खिडकीच्या उजेडात धरायच्या. आतून लख्ख दिसली तरच मान हलवायच्या. पिस्टनवरची काजळी जुन्या टूथब्रशने, अजिबात घाई न करता. तेल मात्र थेंबभर, आणि तेही पुसून घ्यायचं. "थंडीत तेल घट्ट झालं, की दुसरं काडतूस वर येत नाही."

मी म्हटलं, "आज आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. हिला कुंकू लावू?"

"ओलं? नाइन, नको! गंज चढेल." मग हात पुसून त्यांनी तर्जनी पुढे केली. "आल्झो, तर मग इथे लाव. चाप ओढते ती हीच. कधी थांबायचं ते हिला कळायला हवं."

मला ती गंमत वाटली. दुसऱ्या दिवसापर्यंतच.

दुसऱ्या दिवशी त्या हंगामाच्या पहिल्या शिकारीहून रिकाम्या हातांनी परतल्या. धुक्यात उडालेला पक्षी नर की मादी ते दिसेना, आणि मादी मारायची नसते. बंदूक एकदाही उडाली नव्हती. तरी कोटही न काढता त्यांनी चादर अंथरली आणि दमट नळी पुसायला घेतली. तर्जनीवर कुंकू अजून होतं.