थॅकवेलांच्या गाडीला हात लावायचा नाही

सिरिल थॅकवेलच्या हिरव्या दोन-सीटर गाडीला हात लावायचा हक्क जगात एकाच माणसाला होता, खुद्द सिरिलला, आणि तो एप्रिलात सफरचंदाच्या झाडाची फांदी छाटताना शिडीवरून धपकन पडला. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर! मेच्या पहिल्या रविवारी क्लबच्या सगळ्या जुन्या गाड्या माल्व्हर्नच्या टेकडीवर चढणार होत्या. "तुला सुरू करता आली, तर तूच ने," असं तो बायकोला, एनिडला, वैतागून बोलून गेला. बोलला तोही शेजारच्या ग्लॅडिससमोर. झालं! आता माघार कसली?

छत्तीस वर्षं एनिडने त्या गॅरेजात फक्त टॉर्च धरला होता. "इकडे धर. हलवू नकोस. अगं, इकडे!" शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधणारी बाई ती. टॉर्च धरता धरता तिने सगळं बघून ठेवलं होतं. तिला एकदा, फक्त एकदा, ती गाडी स्वतः टेकडीवर न्यायची होती.

रविवारी आठलाच ती नवऱ्याचा तेलकट डगला चढवून गॅरेजात हजर. सिरिल पायजम्यावर ड्रेसिंग गाऊन घालून उलट्या बादलीवर बसलेला, चहा शेजारी निवत चाललेला, डावा हात खिशात.

"रोटर बसवलास?" तिने पहिलं तेच विचारलं. रोटर म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटणारा अंगठ्याएवढा काळा तुकडा. दुसऱ्या महायुद्धात सिरिलचा बाप रोज रात्री तो काढून ठेवायचा, जर्मन उतरलेच तर त्यांनी गाडी पळवू नये म्हणून. जर्मन काही आले नाहीत, युद्ध संपून सेहेचाळीस वर्षं झाली, तरी हा पठ्ठ्या रोज रात्री रोटर काढतोच!

"बसवला गं, सकाळीच."

एनिडने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. तिने कान दिला. टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या मागच्या पंपाची टिकटिक नाही! पायातली सपात काढून ती गाडीखाली सरपटली आणि सपातेच्या टाचेने पंपाला दोन ठेवून दिल्या. टिक, टिक, टिक!

"ऐकलंस? ऐकलंस का रे?"

पुन्हा किल्ली, पुन्हा नुसती घरघर.

"राहू दे, एनिड. दमलीस तू," सिरिल गोड आवाजात म्हणाला. गॅरेजात आणि गोड आवाज? एनिडच्या मनात पाल चुकचुकली.

"ग्लॅडिस, ये गं, किल्ली फिरव!"

केसांना रोलर लावलेली ग्लॅडिस कुंपणावरून आली, अक्षरशः वरून. एनिडने प्लग काढून इंजिनाला टेकवून धरला. ठिणगीचा पत्ता नाही. मग तिने रोटर बसतो त्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उचकटलं. आत रोटर नव्हताच.

या खटपटीत पावणेदहा झाले होते, टेकडीकडे निघायची वेळ झाली होती.

"हात बाहेर काढ," ती म्हणाली.

"कुठला?"

"तुला एकच धड आहे, सिरिल!"

हात बाहेर आला. तळव्यावर रोटर.

"लबाडा!"

"तू सुरू केलीस, की मग माझं काय काम उरलं?" म्हातारा रडवेला झाला. "मी काय करू मग?"

एनिडला राग आला, भयंकर आला, आणि त्या रागातच तिला हसू फुटलं. ग्लॅडिस तर पोट धरून खालीच बसली.

"अरे मूर्खा, शेजारी बसायचं! ते काय सोपं काम वाटलं तुला?"

तिने रोटर आणि प्लग जागच्या जागी बसवले. गाडी एकदा खोकली, निळा धूर ओकली आणि चारही सिलिंडरांवर अशी गरजली, की ग्लॅडिसचा एक रोलर निसटला. सिरिल पायजम्यातच आत कोंबला गेला.

"गिअर बदल! ब्रेक! अगं मेंढी, मेंढी आली!" तो रस्ताभर ओरडत होता. एनिडही ओरडत होती, पण खुशीने. वळणावर तिने गिअर असा अलगद टाकला, की तो ओरडायचाच थांबला.

टेकडीवर क्लबचा सेक्रेटरी वही घेऊन उभा. दरवर्षी तो एकच ओळ लिहायचा. यंदाही सवयीने लिहिलीच: सिरिल थॅकवेल, सोबत बायको.

"खोडा ते," सिरिल म्हणाला. डाव्या हाताने त्याने गाऊनची कॉलर सारखी केली. "एनिड थॅकवेल लिहा. सोबत नवरा."