कावळा न शिवलेला कॉम्प्युटर

भुकूममध्ये कुणाचा कॉम्प्युटर आजारी पडला की दयानंदला बोलावणं जायचं. रस्त्यालगत त्याचं एका शटरचं दुकान, बुद्धविहारामागं घर. आयटीआय करून पिरंगुटच्या कारखान्यात त्यानं काही वर्षं हात काळे केले, मग हा धंदा धरला. माणूस तोंडाचा फटकळ. कुणी बाई घाबरत म्हणाली, "आपोआप बंद पडतो हो, घरात काहीतरी आहे," की हा म्हणणार, "काकू, भुतं इतकी रिकामटेकडी नसतात. पंख्यात धूळ असेल." आणि धूळच निघायची! या वाक्याचा त्याला भारी तोरा होता.

दोन हजार सातच्या पितृपक्षात नरहरीकाकांचा फोन आला तेव्हा मात्र त्यानं पत्ता विचारलाच नाही. रस्त्यापलीकडच्या सोसायटीतलं ते घर त्याला चांगलं ठाऊक होतं. काकांचा मुलगा अमोघ हिंजवडीत नोकरीला होता. आदल्या वर्षी आषाढात पौड रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि तो गेला. हा अमोघ दयानंदच्या दुकानात सारखा यायचा, पण दयानंदसाठी नव्हे. तिथल्या दुसऱ्या मशीनवर दयानंदची धाकटी बहीण मोनिका टायपिंगची कामं करायची. दोघांनी लग्नाचं ठरवलं होतं. मुलगी आपल्यातली नाही म्हणून अमोघच्या घरच्यांनी तिचं तोंडही न पाहता नकार दिला. आता तेच आपल्याला बोलावतायत, म्हणजे आपण कुणाचे भाऊ हे त्यांना माहीत नाही, हे दयानंदनं ओळखलं.

भर दुपार होती, पण ढग इतके खाली आले होते की घरात दिवे लावलेले. "राइट क्लिक केलं की मेनू लवकर येतच नाही," नरहरीकाका म्हणाले. "सारखं थांबतं. आणि ही त्याच्यापुढं बसून..." पुढचं त्यांनी गिळलं.

आतल्या खोलीत हेमलताकाकू अमोघच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यावर त्याचे फोटो. त्यांनी एका फोटोवर माउसचं उजवं बटण दाबलं. मेनू आला नाही. काकूंनी हात जोडले आणि हलक्या आवाजात बोलू लागल्या, "किमयाचं शिक्षण पुरं करू रे. बहिणीची काळजी करू नकोस. तुझ्या बाबांना जपेन. तुझी पुस्तकं कुणाला देणार नाही..."

दयानंद उंबऱ्यातच थांबला. असलं बोलणं त्यानं नदीकाठी ऐकलं होतं. दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजतात, आणि घरचे एकेक शब्द देत जातात. काकूंचं बोलणं संपलं, आणि तेव्हाच मेनू उघडला.

"रोज असंच होतं," त्या म्हणाल्या. "दहाव्याला मुळेच्या काठी किती थांबलो. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली उतरला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. त्याचं काहीतरी राहिलंय, दयानंद. तो इथं अडकलाय."

"काकू, भुतं इतकी..." म्हणता म्हणता त्यानं जीभ चावली.

रोग साधा निघाला. मेनूत 'सेंड टू' असतं, म्हणजे फाइल कुठंकुठं पाठवता येईल त्या जागा. त्यातली एखादी जागा दुसऱ्या कॉम्प्युटरवर असली आणि तो बंद असला, तर यंत्र बराच वेळ त्याला हाका मारत बसतं. इथं तशी एक जागा होती. केबलवाल्याच्या वायरनं सोसायटी आणि दयानंदचं दुकान एकाच नेटवर्कवर आलं होतं. अमोघ इथून दुकानातल्या त्या दुसऱ्या मशीनवर गाणी पाठवायचा. मशीनचं नाव होतं मोनिका. अमोघ गेल्यापासून ते रॅकवर बंद पडून होतं. त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याच्याशिवाय मशीन सुरूच होत नाही तो विजेचा डबा, तर दयानंदनं सकाळीच दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी काढून पिशवीत टाकला होता.

नाव पुसलं की काम फत्ते. पण त्याचा हात चालेना. त्याला संताप आला. आता सूसच्या एका ऑफिसात खाली मान घालून कामाला जाणारी, कुणापुढं रडायचाही हक्क नसलेली आपली बहीण. आणि या घरातली तिची शेवटची खूणही आपणच पुसायची?

"काकू, दहाव्याला सगळं म्हणालात?"

"सगळं." मग खाली पाहून म्हणाल्या, "एक सोडून. त्या मुलीचं नाव हे घेऊ देईनात."

"हे यंत्र ज्याला शोधतंय, त्या कॉम्प्युटरचं नाव मोनिका आहे. ती माझी बहीण."

"काढून टाका ते!" दारातून नरहरीकाका ओरडले.

काकूंनी दयानंदचा हात माउसवरून बाजूला केला. फोटोवर उजवं बटण दाबलं. "मोनिकाला घरी बोलावते रे," त्या म्हणाल्या. "सर्वपित्रीला आपल्यात जेवायला बसवते."

"मोनिकाला" हा शब्द तोंडातून निघायला आणि मेनू उघडायला एकच गाठ पडली.

यंत्र एकदा शोधून दमलं की पुन्हा लगेच शोधत नाही, असं दयानंदनं मनाला समजावलं. खात्री करायला त्यानं त्या नावावर डबल क्लिक केलं. पडद्यावर खिडकी उघडली. अमोघनं पाठवलेली गाणी तिच्यात ओळीनं दिसत होती. दयानंदनं पिशवीत हात घातला. पॉवर सप्लाय आतच होता, थंडगार.

संध्याकाळी त्यानं बहिणीला सांगितलं, "मोने, अमोघच्या आईनं जेवाया बोलावलंय. जायचं नसंल तर न्हाई म्हन, मी सांगतो त्यास्नी."

"जाते," मोनिका म्हणाली. "दुपारपास्नं वाटतंच हाय, कोन तरी हाक मारतंय."

सर्वपित्रीला काकूंनी कावळ्याचं पान तिच्याच हातात दिलं. "आमच्यात हे करत न्हाईत," ती म्हणाली, "पन तुमच्यासाठी ठेवते." तिनं गॅलरीच्या कठड्यावर पान ठेवलं. हात मागं घ्यायच्या आतच कावळा उतरला. तो तिच्या बोटांना घाबरला नाही. दयानंदला आपलं ते नेहमीचं वाक्य आठवलं, आणि पुन्हा कधी ते उच्चारायचं धाडस त्याला झालं नाही.

नरहरीकाका रडत होते, आणि ते लपवतही नव्हते. त्यांनी आत जाऊन वर्षभर कुणी न बसलेली अमोघची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी ओढली.

"मोनिका," त्यांनी हाक मारली, "बस बाळा. आधी तुला वाढतो."