काकूंचा बांध

“पाणी जाणार कुठे?” हे आमच्या काकूंचं ठरलेलं वाक्य. कुणी बादली ओतली, कुणी स्कूटर धुतली, की गॅलरीतून त्यांचा आवाज आलाच म्हणून समजा.

ऐंशीच्या दशकातली बोरीवली. आमची सोसायटी आणि नदी यांच्यामध्ये म्हशींचा तबेला होता. रोज सकाळी तो धुतला की शेणाचा लोंढा थेट नदीत. खालच्या वस्तीतल्या बायका त्याच पाण्यात कपडे धुवायच्या. त्यांच्या पोरांच्या पायांवर कायम फोड. अशा वेळी आपण काय करतो? नाकाला रुमाल लावतो, खिडकी बंद करतो.

काकू तबेल्यात गेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा.

“गोबर का पानी है काकू, बह जायेगा,” तबेल्याचे मालक म्हणाले.

“बहके जायेगा किधर? खड्डा खोदो.”

मालक हसले. “कौन खोदेगा?”

दुसऱ्या दिवशी पाहते तर काकू पदर खोचून नदीकाठी कुदळ मारताहेत! त्यांचे यजमान, बँकेतले अबोल गृहस्थ, अर्ध्या चड्डीत घमेलं धरून उभे. “अहो, बघता काय? उचला!”

मग एकेक करून आम्हीही उतरलो. खड्डा झाला, नदीच्या बाजूला मातीचा बांध झाला, बांधावर काकूंनी कर्दळ लावली. मालकांच्या मते हे सगळं खूळ. पण तबेला धुण्याआधी ते शेण खड्ड्यात ओढायला लागले.

श्रावणात एका दुपारी पाऊस असा कोसळला की खड्डा काठोकाठ भरला. बांधाचा एक कोपरा खचू लागला. तो फुटला असता तर साचलेलं सगळं एकदम नदीत आणि तिथून खालच्या वस्तीत घुसलं असतं. मी गॅलरीतून हाका मारतेय तोवर काकू खड्ड्यात उतरल्या आणि त्या कोपऱ्याला पाठ टेकून चक्क बसल्या. छातीपर्यंत शेणपाणी.

“काकू, वर या!”

“उठले तर फुटेल ना! बोंबलू नकोस, पोती आण!”

मी धावत खाली पोचले तर मालक आधीच आलेले. पाठीवर म्हशींच्या पेंडीची भरलेली पोती. एकामागून एक त्यांनी ती बाहेरून बांधाला रचली, तेव्हा कुठे काकू हलल्या. बांध राहिला.

पुढे काकू मुलाकडे नाशिकला गेल्या, तिथेच वारल्या. देवळात गेले तरी मला अजून ती दुपार दिसते. काकू वर आल्या, साडीचा रंगही ओळखू येत नव्हता. मालक वाकले. काकूंनी झटकन पाय मागे घेतले.

“अहो, शेणाने भरलेत!”

“गोबर में ही जनम गया अपना, काकू,” ते म्हणाले, आणि त्यांनी भर पावसात त्या पायांवर डोकं ठेवलं.