अंड्यातला काळा दोरा

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरावी म्हणून प्रयत्न मात्र बरेच केले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो आणि नेमणूक सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळच्या बाजूला होती. गावाचं नाव आणि माणसांची नावं लिहीत नाही.

यात्रा तोंडावर आली होती. ठाण्यात बंदोबस्ताची वाटणी चालू असताना आमचा खबऱ्या धापा टाकत आला. बाजारात पानाची टपरी चालवायचा तो.

"सायब, उठा आदी. तालमीतली पोरं अंडीवालीचं दुकान पेटवाय निघाल्यात."

अंडीवाली म्हणजे एका जवानाची विधवा. नवरा लढाईत गेल्यावर तिने घराच्या ओसरीतच दुकान टाकलं होतं. सांगलीहून एसटीने, भुशात रचलेली पांढरी अंडी आणून विकायची. गावाला तोवर गावठी अंडीच माहीत. या 'इंग्लिश' अंड्यांना लोकांनी आधी नावं ठेवली, मग तालमीतले पैलवान घेऊ लागले आणि बाईचं बरं चाललं.

यात्रेतली शेवटची, मानाची कुस्ती ज्याची ठरली होती, तो पैलवान तिच्याकडचीच अंडी टोकाला भोक पाडून कच्ची प्यायचा. त्या सकाळी पिताना त्याच्या तोंडात दोरा आला. सगळ्यांदेखत त्याने तो ओढून काढला. काळा, गाठी मारलेला. बाईने करणी केली, हे गावात पसरायला वेळ लागला नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाई दार अडवून उभी होती. समोर जमाव.

"आदी नवरा खाल्ला, आता गावाचा पैलवान खातीया!" एकजण ओरडला.

"अंडं कोंबडी घालती रं मुडद्या, मी न्हाई घालत!" ती जागची हलली नव्हती.

काठ्या आपटून जमाव मागे हटवला, दोन शिपाई दाराशी ठेवले आणि मी तालमीत गेलो. वस्तादांनी तो दोरा आणि टरफल एका पातेल्याखाली झाकून ठेवलं होतं. झाकल्यापासून कुणी जवळ फिरकलं नव्हतं. माझ्या हवालदाराला पातेलं उचलायला सांगितलं, तर तो हात जोडून म्हणाला, "सायब, बदली करा, पर ह्याला हात लावाय सांगू नका." शेवटी मीच उचललं. लोक घाबरले म्हणून पुरावा जसाच्या तसा राहिला, हे मी पुढेही अनेकदा पाहिलं.

टरफल उजेडात फिरवलं. एका टोकाला पिण्यासाठी पाडलेलं भोक. दुसऱ्या टोकाला दाभणाच्या टोकाएवढं आणखी एक, चुन्याने बुजवलेलं. नखाने खरवडल्यावर चुना निघाला. म्हणजे दोरा बाहेरून घातला होता. प्रश्न एवढाच, कुणी?

वस्तादांना विचारलं, "पैलवानाची अंडी आणायला कोण जातं?"

"त्योच जातोय. पाटीतनं आपल्या हातानं निवडून घेतोय."

"आणल्यावर ठेवतो कुठं?"

"त्याच्या कोनाड्यात. आवं सायब, पैलवानाच्या खुराकाला दुसऱ्याचा हात लागत नसतोय. कुणी करणी करंल म्हणून तर ही रीत. मी त्याचा वस्ताद, पर मी बी कवा शिवलो न्हाई."

सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. आपण काय बोलून गेलो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पाटीतलं कोणतं अंडं पैलवान उचलेल, हे बाईला कळणं शक्य नव्हतं. उचलल्यापासून ओठाला लावेपर्यंत त्याला एकच हात लागला होता.

पैलवानाला ठाण्यात बोलावलं. दार लोटून घेतलं, चहा दिला, टरफल टेबलावर ठेवलं आणि चुन्याचं भोक त्याच्याकडे वळवलं. मारहाण सोडा, आवाजही चढवावा लागला नाही. तो आडदांड गडी हमसून रडायला लागला.

"गुडघा गेलाय सायब. सरावात सरकला. कुणाला बोललो न्हाई."

"मग सांगायचं, कुस्ती लढत नाही म्हणून."

"हरलो आसतो तर गावानं पोटात घातलं आसतं. भ्याला म्हनले आसते तर आमच्या आईला पाण्याला जाता आलं नसतं. करणी झाली म्हनल्यावर कुस्ती सोडली तरी कुणी भ्याला म्हनत न्हाई. मला वाटलं, लोक समोरच्या पैलवानाच्या गावावर आळ घेत्याल. त्या बाईचं डोसक्यातच आलं न्हाई."

मग त्याने माझे पाय धरले. "सायब, कुणाला सांगू नका."

मीही साताऱ्याकडच्या तालमीतल्या मातीत वाढलेला. मी शब्द दिला. वरिष्ठांना तोंडी कळवलं, की खोडसाळपणा होता, करणारा सापडला नाही, गाव शांत आहे. त्या अहवालातलं शेवटचंच तेवढं खरं होतं.

बाईसाठी काही करावं म्हणून मी एक युक्ती काढली. बाजाराच्या दिवशी, गणवेशात, तिच्या दुकानासमोर उभा राहून सगळ्यांदेखत दोन अंडी फोडून कच्ची प्यायलो. लोक बघत राहिले. वाटलं, काम झालं. संध्याकाळी खबऱ्या सांगत आला, "लोक म्हंत्यात, सायबाला काय हुतंय? सरकारी मानसाला करणी लागत नसती."

तिच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेना. अंडी नासली. यात्रा झाली, शेवटची कुस्ती दुसऱ्याच जोडीत लागली. पुढे एका सकाळी ती बोचकं घेऊन एसटीच्या थांब्यावर दिसली. भावाकडे निघाली होती. मी जीप थांबवली. काही मदत हवी का, विचारलं.

"ज्यानं दोरा घातला त्यो तुमाला सापडला व्हय सायब?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"अंडी लय चवीनं प्यालासा," ती म्हणाली. "बोलला मातर न्हाईसा."

एसटी आली, ती गेली.

नोकरीत पुढे मी बरेच गुन्हे उघडकीस आणले, बक्षिसंही मिळाली. जमाव पांगला की प्रकरण मिटलं, असं आम्ही धरून चालतो. या प्रकरणानंतर मला ते धरता आलं नाही. गर्दी घरी जाते, पण बोललेलं सोबत घेऊन जाते, आणि त्याला उत्तर द्यायला अंडी पिऊन भागत नाही.

तो दोरा तिने घातला नव्हता, हे मला माहीत होतं. बाजारात उभा राहून मला एवढंच म्हणायचं होतं. आज म्हणतो आहे.