श्रीरंगची डाळ

एक कविता मला कळली नव्हती, आणि ती कळलेली नाही हेही मला कळलं नव्हतं. तरी मी तिच्यावर भर मांडवात बोललो, गाव हसवलं, आणि पुढे कित्येक वर्षं तीच कविता फळ्याशी उभा राहून मुलांना सांगत आलो... कविता कशी नसावी याचं उदाहरण म्हणून. चूक माझी होती. ती कविता लिहिणारा श्रीरंग आता नाही. त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला बसलो, तर पहिल्यांदा हेच लिहावं लागतंय.

तो गेल्याचा फोन सकाळी आला. शाळेचा शिपाई बोलत होता. "सर, श्रीरंग सर गेले. आंघोळ करून आले, खाटंवर बसले आन् तसेच आडवे झाले." मी 'अरे बापरे' म्हणालो. पण त्याआधी क्षणभर मनात दुसराच शब्द येऊन गेला होता... सुटलो. त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी टाळत होतो. आता मागणाराच उरला नव्हता. रिसीव्हर ठेवताना वाटत होतं ते दुःख नव्हे, त्या शब्दाची लाज. तिरडीमागे चालतानाही तो शब्द माझ्यासोबत होता.

आम्ही दोघं टेंभुर्णीच्या एकाच शाळेत मास्तर. तो गणिताचा, मी मराठीचा. तो गावातलाच, मी हसनाबादहून नोकरीला आलेला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. दोघंही नवे, दोघांची लग्नं व्हायची होती, एकाच डब्यात जेवायचो. तो मोठा गोड माणूस होता असं मी लिहिणार नाही. तो चिडका होता. उत्तर चुकलं की खडू फेकून मारायचा, आणि खडू चुकला की आणखी चिडायचा. पाहुणचाराला गेला तर चहात साखर कमी आहे हे यजमानाला तोंडावर सांगायचा. मात्र एका माणसापुढे त्याची जीभ चालत नसे... कौसाबाईपुढे. श्रीरंग जेमतेम चालायला लागला होता तेव्हा त्याची आई वारली, आणि वडिलांनी तिच्याच धाकट्या बहिणीशी, कौसाबाईशी लग्न केलं. तो तिला मावशी म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच तिला मावशी म्हणे. मावशीचं तोंड तिखट. "मेल्या, जल्दी ऊठ की, शाळा काय तुझ्या बापाची हाय?" असं ती मास्तर झालेल्या पोरालाही ओसरीवरून ओरडायची. गावाने तिच्याविषयीचं मत केव्हाच बनवून टाकलं होतं. सावत्र आहे, मग असणारच, एवढ्यावर गावाचं भागत होतं. माझंही.

त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांनीही काहीतरी सादर करावं असं ठरलं. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी तेव्हा माइक हातात आला की फुगायचो. लोक हसले की आणखी फुगायचो. गणिताचा मास्तर कविता वाचणार म्हटल्यावर पोरं आधीच खुसखुसत होती. श्रीरंग उभा राहिला, कागद दोन्ही हातांनी धरून. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत मावशी बसली होती. तिला त्याने मुद्दाम बोलावून आणलं होतं, हे मला नंतर समजलं. त्याने वाचलेली कविता ही अशी:

डब्यातली डाळ घेतली मूठभर,
न्हाणीच्या कडेला पुरली एकेक करून.
पाणी घातलं, हाक मारली.
डाळ काही बोलली नाही.

रोज उकरलं, रोज पुन्हा पुरलं.
मग रुसलो. जा, म्हटलं, नको येऊस.
त्या दुपारी आई ताट वाढत होती,
तिच्या नखांत काळी माती होती.

पुढे एकदा शाळेतून आलो
तर मातीतून हिरवे कान वर आलेले.
साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं,
माझी डाळ उगवली.

तो थांबला. मांडव शांत होता... आणि त्या शांततेत मी माइक ओढून घेतला. "टाळ्या वाजवा, टाळ्या! श्रीरंग सरांच्या घरी डाळ उगवते! आमच्या हसनाबादचं शेंबडं पोरगंबी सांगेल की भरडलेली डाळ उगवत न्हाई. सर, पुढच्या साली पापड पेरा, पापड!" मांडव कोसळेल एवढं हसू झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "आन् कडंनं लोणचं लावा!" श्रीरंग माझ्याकडे बघत नव्हता. तो पहिल्या रांगेकडे बघत होता. मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि मांडवाच्या मागच्या बाजूने निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनी त्याचं नाव पापडसर ठेवलं. ते त्याला निवृत्तीपर्यंत चिकटून राहिलं असतं. निवृत्तीपर्यंत तो राहिला नाही, एवढंच. मी माफी मागितली नाही. उलट, तो माझ्याशी बोलेनासा झाला याचाच मला राग आला. एवढं काय, विनोद होता! मग मी सूड म्हणून ती कविता वर्गात नेली. सूत्रसंचालनासाठी तिची एक प्रत आधीच घेतली होती, आता ती पाठच झाली. मुलांना सांगायचो, यात दोन दोष आहेत. एक, कवीला शेती माहीत नाही. दोन, मधेच नखांतली माती आणली आहे. कवीची आई तर लहानपणीच वारलेली, मग गरिबी दाखवायला हे ओढूनताणून घातलं. सांगा बरं, इथे नखांतल्या मातीचं काम काय? आणि मुलं एका सुरात म्हणायची, काही नाही सर.

हे त्याच्या कानावर जाणारच होतं. शेजारच्या वर्गात तो त्रिकोणमिती शिकवत असे आणि मधली भिंत पातळ होती. त्यानेही सोडलं नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणायचा, "हे आमचे मराठीचे सर. अर्थ सोडून सगळं सांगत्यात." मी घरी शिकवण्या घेतो ही तक्रार मुख्याध्यापकांकडे त्यानेच केली, आणि दहावीचा वर्ग माझ्याकडून गेला. मी त्याची पर्यवेक्षणाची पाळी अशी लावून दिली की त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याला त्याला जाता आलं नाही. आम्ही एका किटलीतला चहा प्यायचं सोडलं. समोरासमोर आलो की तो सायकल काढायच्या निमित्ताने वळायचा आणि मी नाक शिंकरायचो. हे असं वर्षानुवर्षं. आता लिहिताना पोरकट वाटतं, तेव्हा मात्र त्या भांडणावर आम्ही दोघंही जगत होतो.

माझी धाकटी मुलगी चार-पाच वर्षांची असतानाची गोष्ट. उपवासाचा दिवस होता. तिने भिजवायला काढलेल्या साबुदाण्यातली मूठ पळवली आणि अंगणात नळाजवळ पुरली. खिचडीचं झाड येणार होतं. मग दर तासाला, "बाबा, आलं का?" दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "ते माझ्यावर रुसलंय." ती शेजारी खेळायला गेल्यावर मी कोठीतून चिमूटभर ज्वारी घेतली. पांढरे, गोल दाणे. नळाजवळ बसून बोटाने भोकं पाडली आणि एकेक दाणा टोचला. यात मोठं प्रेम वगैरे काही नव्हतं. तिच्या प्रश्नांनी जीव मेटाकुटीला आला होता. हात कसेबसे खळबळले आणि पानावर बसलो. पोळी मोडली तर बायको म्हणाली, "अहो, हात नीट धुवून या आधी. नखांत माती आहे."

पोळीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला...

त्या दुपारी मी जेवलो नाही. ती कविता डोक्यात पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी मधे बोलायला मी नव्हतो. डाळ उगवत नाही हे श्रीरंगला पक्कं माहीत होतं. तीच तर कविता होती. कुणीतरी डाळीच्या जागी अख्खी तूर टोचली होती, आणि ते कोण हे त्याने सांगितलं होतं, अगदी साध्या शब्दांत. पण घरात जिला तो मावशी म्हणायचा तिला त्याने कागदावर आई म्हटलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ती आई मेलेली धरली होती.

मी संध्याकाळी सायकल काढून त्याच्याकडे गेलो. तो गोठ्याशी उभा होता. म्हणालो, "श्रीरंग, कविता कळली मला. आज."

"कळली? वा. पेढे वाट मंग."

"माझं चुकलं."

"मला कामून सांगून राह्यला? मला काय माझी कविता कळत न्हवती?" तो आवाज चढवत नव्हता, तेच जास्त लागत होतं. "एवढ्या वर्षांत एकदा धीर केल्ता मी. तिला समोर बसवून सांगितलं. आन् तू तिला हसवलंस. घरी आल्यावर म्हणते कशी, ताईवर लिवलं ते बरं केलंस बाबा, पण डाळीचं तेवढं काढून टाक, लोक हसत्यात. बोल. आता काय बोलू तिला?"

"मग तूच सांग ना तिला सरळ."

"सरळ सांगता आलं असतं तर कविता लिहिली असती का?" तो माझ्याकडे पाठ फिरवून म्हणाला. "तू बिघडवलंस, तूच जाऊन सांग. तुझी माफी मला नको. बिलकुल नको."

आणि मी गेलो नाही. त्याच्या घरापासून माझं घर सायकलने पाच मिनिटांवर, तरी गेलो नाही. आज परीक्षा, उद्या लग्न, परवा तिची तब्येत. खरं कारण असं की मराठीचा मास्तर म्हणून एका निरक्षर म्हातारीपुढे बसून 'मला कविता कळली नव्हती' हे म्हणायचं धाडस होत नव्हतं. वर्गात ती कविता सांगणं तेवढं बंद केलं आणि त्यालाच प्रायश्चित्त समजलो. श्रीरंग त्यानंतर माझ्याशी दोनच शब्द बोलायचा. बसस्टँडवर भेटो, मयतीत भेटो. "गेल्ता का?" मी मान हलवायचो. "बराबर," म्हणायचा आणि पुढे जायचा. शेवटचा भेटला तो पगाराच्या दिवशी, बँकेच्या पायरीवर. दम लागला होता त्याला. या वेळी त्याने विचारलंही नाही. नुसतं बघितलं.

तो गेल्यावर काही आठवडे मी रोज ठरवत होतो आणि रोज मागे येत होतो. शेवटी एका दुपारी त्याच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. मावशी अडकित्त्याने सुपारी कातरत होती. पार वाळलेली, पण जीभ तीच. "मास्तर व्हय? या. आता काय उरलं इथं हसायला?"

मी खाली बसलो. विचारलं, "मावशी, श्रीरंगने मांडवात वाचलेली कविता आठवते?"

"न आठवायला काय झालं. ताईची कविता. माझ्या बहिणीची. लोक हसले तव्हा मीबी हसले. सगळा मांडव हसून राह्यला, म्या एकटीनंच तोंड पाडून बसायचं का?"

मी म्हणालो, पुन्हा एकदा ऐका. आणि म्हटली सगळी. टिंगल करून करून पाठ झालेली ती कविता मी पहिल्यांदाच नीट म्हणत होतो. नखांच्या ओळीला अडकित्ता थांबला.

"ताई तर तव्हा न्हवतीच," ती सावकाश म्हणाली. "तो साळंत जायच्या लई आधी गेल्ती ती."

"हो. ती आई म्हणजे तुम्ही."

"मंग... त्याला ठावं होतं?"

"नखं त्याने त्याच दिवशी पाहिली होती. अर्थ मोठेपणी लागला असेल."

"बियाण्याची तूर होती ती," मावशी चोरी कबूल केल्यासारखी म्हणाली. "बियाण्याला हात लावलेला सासूला खपत न्हवता. लपून टोचली. लेकरू जेवंना झाल्तं, काय करू मंग? कुणाला बोलले न्हाई आजवर." आणि मग तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण राग त्याहून मोठा होता. "आन् हे त्यानं मला सांगितल्तं? एवढ्या लोकांत? मला आई म्हणून? आन् तितक्यात तुम्ही पापड काढले?"

"हो."

"कामून पण? काय केल्तं त्यानं तुमचं?"

"काहीच नाही, मावशी. मला कविता कळली नव्हती. मराठी शिकवत होतो आणि कळली नव्हती. आणि कळल्यावरही तुमच्याकडे यायला मी तो मरेपर्यंत थांबलो. तो तुम्हाला आई म्हणाला होता, आणि मी ते तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."